म्हणे समुपदेशकाकडे गेलं की पासपोर्ट मिळत नाही!

बुधवारी दुपारी तीनची वेळ होती. माझी भाची पुण्यात एस. वाय. बीएस्सीला आहे, हॉस्टेलवर राहते. दोन महिने धड झोप नाही, जर्नलं अपुरी, प्रॅक्टिकलला दांड्या. तिने कॉलेजच्या समुपदेशकाची वेळ घेतली होती, तीही कुणी न सांगता, स्वतःहून. मंगळवारी रात्री माझ्या धाकट्या भावाने फोन करून तिला ती रद्द करायला लावली. "ताई, तू तो मेसेज वाचला नाहीस का? ग्रुपवर टाकलाय बघ."

वाचला. "पालकांनो, सावध व्हा!" अशी सुरुवात, शेवटी हात जोडलेले आणि "जास्तीत जास्त पाठवा". मुद्दे सहा म्हणे, पण चारनंतर एकदम सहाच येतो. पाचवा कुणाच्या फोनमध्ये गळाला देव जाणे. माझ्याकडे तो तीन ग्रुपांतून आला, त्यातला एक प्राध्यापकांचा होता. म्हणून हे लिहायला बसले.

पहिल्या मुद्द्यानेच भावाची झोप उडवली: "कौन्सेलरकडे गेलेल्या मुलांची यादी नव्या नियमाने कॉलेज सरकारला पाठवतं. एकदा नाव चढलं की पासपोर्ट नाही, सरकारी नोकरी नाही."

हा नवा नियम म्हणजे काय, ते आधी बघू. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल दिला, आणि देशभरच्या शिक्षणसंस्थांना पंधरा निर्देश दिले. कायदा होईपर्यंत ते पाळणं बंधनकारक आहे. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं. आणि हो, संस्थेने दर वर्षी वरच्या यंत्रणेला अहवाल पाठवायचा. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याने कुठेतरी अर्धी ओळ वाचलेली दिसते. उरलेली अर्धी अशी, की या नोंदी निनावी ठेवायच्या. किती विद्यार्थ्यांना मदत दिली, किती जणांना पुढे पाठवलं, किती प्रशिक्षणं झाली, एवढे आकडे वर जातात. कुणाच्याही मुलीचं नाव जात नाही.

नाव फोडणं उलट गुन्हा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं आणि उपचार करणाऱ्यांवर ती पाळण्याचं बंधन घालतं. जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत. कायदा मोडणाऱ्याला पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पासपोर्टच्या अर्जात फौजदारी खटल्यांबद्दल विचारतात, झोप लागते का असं कुणी विचारत नाही. पोलीस पडताळणीला आलेला हवालदार कॉलेजच्या समुपदेशन कक्षात चौकशी करून येतो, हे दृश्य निदान मला तरी डोळ्यांसमोर आणता येईना. सरकारी नोकरीचं म्हणाल तर दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजार हा दिव्यांगत्वाचा एक प्रकार धरलेला आहे, आणि सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के राखीव जागांत त्याचाही वाटा आहे. ज्या कारणासाठी कायदा जागा राखून ठेवतो, त्याच कारणासाठी नोकरी जाते म्हणे! सैन्यदल, विमान चालवणं अशा ठिकाणी वैद्यकीय तपासणीत मनोविकाराचा इतिहास बघतात, हे मान्य. माझ्या भाचीला बॉटनी शिकवायचं आहे.

दुसरा मुद्दा, "गोळ्या देऊन गुंगीत ठेवतात." समुपदेशकाला औषध लिहून देताच येत नाही. ते मनोविकारतज्ज्ञाचं, म्हणजे डॉक्टरचं काम. पुढे.

तिसरा, "अटेंडन्स आणि परीक्षा टाळायचे बहाणे." चौदा वर्षं शिकवतेय. टर्म ग्रँटच्या, म्हणजे हजेरी बघून परीक्षेला बसू द्यायचं की नाही ठरवायच्या आठवड्यात माझ्या टेबलावर कावीळ आणि टायफॉइडच्या दाखल्यांची चळत लागते, काहींची तर शाईही वाळलेली नसते. नैराश्याचा दाखला घेऊन आलेले चौदा वर्षांत दोघं. त्यातल्या एकाने तो उलटा करून ठेवला होता आणि शेजारी उभ्या असलेल्या सरांना दिसू नये म्हणून वर हात ठेवला होता. बहाणा करणारा मुलगा कावीळच निवडतो हो, ती सांगायला सोपी. परीक्षेत जादा वेळ हवा तर सरकारी दिव्यांगत्व प्रमाणपत्र लागतं. समुपदेशकाशी तासभर बोलून केटी, म्हणजे नापास झालेला विषय, सुटत नाही.

चौथा मुद्दा मात्र नाइलाजाने अर्धा मान्य करते: "कॉलेजातलं समुपदेशन म्हणजे नुसता देखावा." आमच्याच कॉलेजात समुपदेशन कक्षाची किल्ली ग्रंथालयाच्या शिपायाकडे असायची आणि आत एनएसएसच्या बॅनरच्या गुंडाळ्या. मानसशास्त्राच्या मॅडमकडे अतिरिक्त कार्यभार. दाराबाहेर स्टुलावर उघडी वही: नाव, वर्ग, येण्याचं कारण. सगळ्यांनी एकाखाली एक 'अभ्यास', 'अभ्यास', 'अभ्यास' लिहिलेलं. एकीने 'घर' लिहून खोडलं होतं. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, नॅकला पुरावा लागतो." नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था. यावर ओरडा, मी तुमच्या बरोबर आहे. पण वही बंद करा म्हणायचं सोडून मुलांनाच जाऊ देऊ नका, हा कुठला न्याय? पाण्याच्या टाकीत शेवाळ धरलं तर आपण टाकी घासतो, पोरांचं पाणी तोडत नाही.

आणि सहावा: "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." होतं. 'डोक्यावर परिणाम झाला' म्हणायचे आणि मुलगा गावी परत यायचा, विषय संपायचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात विद्यार्थ्यांच्या आत्महत्या १३,०४४ आहेत. त्यातल्या २,२४८ परीक्षेतल्या अपयशाच्या नावावर. म्हणजे उरलेल्या दहा हजारांहून जास्त मुलांचं कारण दुसरंच काही होतं, आणि ते मार्कशीटवर दिसत नाही. सगळ्या राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा.

परदेशी विद्यापीठं प्रवेश नाकारतात, हेही त्याच मुद्द्यात घुसडलंय. ब्रिटनच्या प्रवेश अर्जात मनःस्वास्थ्याबद्दल विचारतात ते मदतीची सोय आधी करता यावी म्हणून.

न्यायालयाच्या त्या पंधरा निर्देशांत पालकांसाठीही कार्यक्रम घ्या असं सांगितलंय. भावाला तेवढाच परिच्छेद पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. तासाभराने फोन आला, "पण ताई, तिने आधी मला का नाही सांगितलं?"

हे मला नको, तिला विचार, म्हटलं. आणि विचारताना आवाज चढवू नकोस. रात्री-बेरात्री गरज लागली तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर तिच्याकडे देऊन ठेव, फुकट आहे, मराठीत बोलतात.

शुक्रवारी साडेचारची वेळ मिळाली आहे. ग्रुपवरचा मेसेज त्याने अजून काढलेला नाही.