‘सावकाश जगा’ हे भरल्या पोटाचं तत्त्वज्ञान आहे का?

नमस्कार ताई,

‘आत्ताच्या क्षणात राहा वगैरे सगळं भरल्या पोटाचं तत्त्वज्ञान आहे,’ असं तुम्ही लिहिलंत. नोकरी, रात्री अकरालाही येणारे ऑफिसचे मेसेज, मुलं, कर्जाचे हप्ते आणि अंथरुणाला खिळलेले वडील. त्यांचं अंग पुसतानाही नजर घड्याळावर ठेवावी लागते, तिथे कसला क्षण जगायचा? आणि उद्याची काळजी मग कोणी करायची?

वेळ सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. एका माणसाकडून दोघांचं काम करून घ्यायचं आणि वर त्यालाच ध्यानाच्या वर्गाला बसवायचं, या प्रकाराची मला मनापासून चीड आहे. तिथे आधी कामाचे तास कमी करून मागायला हवेत.

पण ‘भरल्या पोटाचं’ हे मात्र पटत नाही. जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात आत्ताच्या क्षणावर लक्ष ठेवायला शिकवणारा कार्यक्रम सुरू केला. तिथे आलेल्यांत जुनाट दुखण्यानं पिचलेली आणि औषधांनी पुरेसा उतार न पडलेली माणसं होती. सोबतीला दुखणं घेऊनच त्यांना दिवस काढायचे होते.

घाईबद्दल एक प्रयोग सांगतो, कारण तो काही अंशी तुमच्याच बाजूचा आहे. डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी तो 1973 साली प्रसिद्ध केला. प्रिन्स्टनमधल्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. काहींचा विषय तर वाटेत पडलेल्या जखमीला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली गोष्ट हाच होता. वाटेत एक माणूस दाराशी मुटकुळं करून खोकत बसवलेला. भरपूर वेळ आहे असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांतल्या 63 टक्क्यांनी मदत केली. ‘तुम्हाला उशीर झालाय’ असं ज्यांना सांगितलं, त्यांतल्या फक्त 10 टक्क्यांनी. ही माणसं काही निर्दय नव्हती. घाई बाहेरूनच लादली गेली होती, अगदी तुम्ही म्हणता तशी. पण ती लादायला एक वाक्य पुरलं! तसली वाक्यं आपल्या फोनवर दिवसभर येत असतात, आणि त्यांतली सगळीच खरी नसतात.

आता वडिलांकडे येऊ. कोमट पाण्यात टॉवेल पिळायचा, पाठ, काखा, बोटांच्या बेचक्या पुसायच्या, अंग कोरडं करायचं. हात चालू द्या तुमच्या वेगानं, त्यात एक मिनिटही वाढवू नका. मी म्हणतो ते एवढंच, की तेवढा वेळ मन त्या पाठीवर असू द्या. माकडहाडापाशी किंवा टाचेवर लालसर चट्टा उठला आणि बोटानं दाबूनही तो फिकट झाला नाही, तर ती बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमेची, सुरुवात असू शकते. मन ऑफिसात असलं की डोळ्यांसमोरचा चट्टा निसटतो. पाणी गार झालंय, त्यांनी खांदा आखडून घेतलाय, हेही तेव्हाच कळतं. पुढे वाढणारा त्रास यातून वाचतो, म्हणजे उद्याची काळजीही इथेच घेतली जाते.

हप्त्यांचा हिशोब जरूर करा, वही-पेन घेऊन बसून करा. ते त्या वेळचं कामच आहे. पण तोच हिशोब अंग पुसताना, जिना चढताना, मुलाचं ऐकताना मनात घोळत राहिला तर त्यातला एक रुपयाही फिटत नाही. 2010 साली किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात 2,250 जणांना फोनवरून अधूनमधून विचारलं, आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय? 46.9 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि अशा वेळी लोक एकंदरीत कमी आनंदी होते. मनात सुखद विचार असले, तरी कामात लक्ष असलेल्यांपेक्षा ते जास्त आनंदी नव्हते.

शाळेची वेळ, औषधाची वेळ या घाया खऱ्याच आहेत, त्यांना इलाज नाही. रात्री अकराला आलेल्या ऑफिसच्या मेसेजला तुम्ही त्याच यादीत बसवलंयत. त्याबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडायला तयार आहे.