खुलासा : डीपीआय वाढवला म्हणून उपग्रहचित्र स्पष्ट होत नाही

‘क्यूजीआयएसमधून नकाशा काढताना डीपीआय १२०० ठेवा, उपग्रहचित्र एकदम स्पष्ट येतं,’ असा सल्ला क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि प्रकल्प जमा करायच्या आदल्या रात्री महागात पडतो.

डीपीआय म्हणजे कागदाच्या एका इंचात किती ठिपके, एवढंच. आडवा ए४ कागद ३०० डीपीआयला ३५०८ बाय २४८० पिक्सेलचा होतो. १२०० केलं की पिक्सेल सोळापट. फाइल फुगते, माहिती तेवढीच राहते.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाचं नेहमीचं रंगीत चित्र घ्या. त्याचा एक पिक्सेल जमिनीवर १० मीटरचा. १:५०,००० प्रमाणावर कागदाचा एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर, म्हणजे मूळ चित्रातले पाचच पिक्सेल. ३०० डीपीआयला त्याच मिलिमीटरात जवळपास बारा ठिपके बसतात. चित्रात जे आहे ते तिथेच पुरतं उतरलेलं असतं. डीपीआय त्यापुढे नेला तर तेच चौकोन जास्त ठिपक्यांनी रंगवले जातात.

पार्श्वभूमीला ओपनस्ट्रीटमॅप या ऑनलाइन नकाशाच्या टाइल (तयार चित्रांचे चौकोनी तुकडे) असतील तर डीपीआयने नकाशा खरंच बदलतो, पण बहुतेक वेळा बिघडतो. जास्त झूमच्या टाइल येतात आणि गावांची नावं मुंगीएवढी होतात.

सीमा, रस्ते, स्वतःची लेबलं धारदार हवीत? मग पीडीएफ काढा, तिथे रेषा पिक्सेल न होता रेषाच राहतात. (थरावर ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या थरात रंग मिसळायची सोय, लावला असेल तर नाही.)

आकडा बदलायचा तो लेआउट टॅबमधल्या ‘एक्स्पोर्ट रिझोल्यूशन’मध्ये, नकाशा काढण्याआधी. नंतर फोटोशॉपमध्ये ‘रीसॅम्पल’ बंद ठेवून नुसते ७२चे ३०० केले, तर एकही पिक्सेल वाढत नाही.