‘जमीन घेते गाळून’ : एका कोथरूडकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स.न.वि.वि.

भूजल भरायला म्हणून गच्चीवरचं पावसाचं पाणी थेट चालू (पंप बसवलेल्या) बोअरमध्ये सोडू नका, या मागच्या लेखावर ‘एक कोथरूडकर, निवृत्त अभियंता’ अशा सहीने भलीमोठी प्रतिक्रिया आली आहे. सगळ्यांनी ती वाचत बसायला नको म्हणून सार सांगतो. त्यांच्या सोसायटीने सहा पावसाळे गच्चीचे पाइप चालू बोअरला जोडलेत. पाणी नितळ येतं, आजवर कुणी आजारी पडलेलं नाही. ‘पाणी शेवटी पाणीच, जमीन घेते गाळून.’ लेखातला एक आकडा चुकलाय. हे सगळं सोसायट्यांना घाबरवून गाळण्या विकायचं दुकान आहे. आणि शेवटी : भरायच्या गप्पा पुरे, उपसा कोण मोजतो?

आधी चूक कबूल करतो. 300 चौरस मीटरच्या गच्चीवरचं पहिल्या 2 मिलिमीटर पावसाचं पाणी बाहेर सोडून द्या, असं लिहिताना मी ते 6000 लिटर लिहिलं. 600 हवं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, एवढंच गणित. शून्य जास्तीचं पडलं. दाखवून दिल्याबद्दल आभार. पण ते दाखवायला ‘पहिलीतल्या पोरालाही कळेल’ हे लागतं का? एका ओळीचं काम होतं. तुम्ही चार ओळी खर्चल्यात, त्यातल्या तीन माझ्या शिक्षणावर.

दुकानाचं म्हणाल, तर मी गाळणी विकत नाही, लेखात एकाही कंपनीचं नाव नाही. पुण्यात बोअर आणि पुनर्भरणाची (पावसाचं पाणी जमिनीत भरायची) कामं करतोय त्याला यंदा 19 वर्षं झाली. हे सांगायची वेळ यावी असं वाटत नव्हतं, पण सहीखाली ‘निवृत्त अभियंता’ तुम्ही लिहिलंत. कशाचे अभियंते, ते मात्र लिहायचं राहिलं.

आता ते वाक्य. ‘जमीन घेते गाळून.’

कुठली जमीन हो? गाळायचं काम वरची काही फूट माती करते. बारीक कण, मुळं आणि मातीतले जिवाणू यांच्यातून पाणी सावकाश झिरपतं, गाळ वरच अडकतो, मैल्यातले बरेचसे जंतू वाटेत मरतात. बोअर घेताना आपण काय करतो? माती आणि मुरूम ढासळू नये म्हणून कठीण खडक लागेपर्यंत केसिंग, म्हणजे आधाराचा पाइप, उतरवतो. पुण्यात कुठे 20 फूट, कुठे 40. म्हणजे जो थर गाळतो, नेमका तोच पाइप घालून ओलांडला. त्या पाइपाच्या तोंडात तुम्ही गच्चीचा पाइप सोडलात आणि वर म्हणता, जमीन गाळेल. तिला विचारलंय कुणी? तिच्या अंगाला ते पाणी लागतच नाही.

केसिंगच्या खाली उघडा खडक असतो आणि आपल्याकडे तो बेसॉल्ट आहे, लाव्ह्याचे एकावर एक थर. बोअर मारणारे गाडीवाले ज्याला काळा पाषाण म्हणतात, त्यातून पाणी फक्त भेगांमधून हलतं. वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीची भिंत एकदा जवळून बघा, उभ्या भेगा डोळ्यांनी दिसतात. मांजऱ्या खडक, तो पांढऱ्या ठिपक्यांचा, झिजलेला असेल तर बऱ्यापैकी पाणी धरतो. दोन थरांच्या मध्ये कधी कधी तांबडा गेरू लागतो. घाटातल्या कापलेल्या कड्यात विटकरी पट्टा दिसतो ना, तोच. तो चिकणमातीसारखा असतो, पाणी सहजी खाली जाऊ देत नाही. झिजलेला, भेगाळ बेसॉल्ट घेतला तरी 100 लिटर आकारमानाच्या खडकातून हाती लागणारं पाणी साधारण 1 ते 3 लिटर. नदीकाठच्या वाळूचा हिशेब इथे लावून चालत नाही. भेगेत पाणी गाळलं जात नाही, ते नुसतं वाहतं. भेग मोकळी असेल तर तुमच्या गच्चीवरची पारव्यांची घाण शेजारच्या सोसायटीच्या बोअरात निघते आणि त्यांना तुमचा पत्ताही नसतो.

‘पाणी नितळ येतं.’ येणारच. गाळ बसला म्हणून ते नितळ झालं. बसला कुठे, ते पंप वर काढाल तेव्हा दिसेल. कॉलम पाइपावर, म्हणजे पंपाचं पाणी वर आणणाऱ्या पाइपावर, राखाडी, बुळबुळीत साय असते. बोटाने ओढली की नखात अडकते, उन्हात वाळली की पापुद्रा सुटतो. त्यात सिमेंटची भुकटी असते, वॉटरप्रूफिंगचे तुकडे असतात, पिसांचे धागे असतात. पाइपावर जे चढलं तेच भेगांच्या तोंडाशीही बसतंय. खड्ड्यातली वाळू घमेल्याने काढून धुता येते. भेग कशी धुणार? कॉम्प्रेसर लावून बोअर फ्लश केलं तरी तोंडाजवळचा गाळ तेवढा निघतो, आत सरकलेला तिथेच राहतो. म्हणून आधी पाणी ‘छान जातंय’ असं वाटतं आणि पाच-सात वर्षांनी तेच बोअर पाणी घेईनासं होतं, देईनासंही होतं. मग सोसायटी म्हणते, बोअर आटलं. पाणाड्याला बोलावतात, नवीन बोअर मारतात आणि जुन्यावर फरशी टाकतात.

‘सहा वर्षं सगळं पाणी जिरतंय’ हेही तपासा. साडेसहा इंची बोअरच्या एका फुटात साडेसहा लिटर पाणी मावतं. पाण्याची पातळी 200 फुटांवर असेल तर वरच्या रिकाम्या नळीत 1300 लिटर. तेवढं काही मिनिटांत भरतं. पुढे खडक घेईल त्याच गतीने जाणार. ती गती अशी काढायची : पंप आठ तास बंद ठेवा, पातळी मोजा. वायरची दोन टोकं सोलून, वजन बांधून खाली सोडा, वर मल्टिमीटर धरा. पाणी लागलं की काटा हलतो. मग स्वच्छ पाण्याचा 10,000 लिटरचा टँकर हळूहळू ओता आणि दर पाच मिनिटांनी पातळी लिहा. किती तासांत मूळ जागी आली, त्यावरून तासाला किती लिटर जिरतं ते कळतं. समजा 1500 लिटर आलं. तासाला 40 मिलिमीटरची सर आली तर तुमच्या 300 चौरस मीटरवर 12,000 लिटर पडतात; थोडं वाया गेलं तरी 10,000 हाती राहतात. उरलेले साडेआठ हजार कुठे जातात? बोअर तोंडापर्यंत भरतं आणि केसिंगच्या बाहेरच्या पोकळीतून मुरूम घेऊन वर येतं किंवा तोच चिखल आत ओढतं. ती पोकळी सिमेंटने भरलेली आहे का तुमच्याकडे? बहुतेक ठिकाणी गाडीवाला बोअरमधून निघालेला चुराच तिथे लोटून मोकळा होतो. वरचे निदान 10 फूट तरी सिमेंटच्या घोळाने भरून घ्यायला हवेत.

काही जण याहून पुढे जातात. चालू बोअरभोवती खड्डा खणतात, केसिंगलाच भोकं पाडतात, जाळी गुंडाळून वर खडी भरतात. जाळी एका पावसाळ्यात कुजते किंवा फाटते, केसिंग कमजोर होतं आणि मुरूम आत येऊन पंप अडकला की तो निघत नाही. तुम्ही हे केलेलं नाही असं धरून चालतो. प्रतिक्रियेत त्याचा उल्लेख नाही.

‘कुणी आजारी पडलं नाही.’ प्यायला महापालिकेचं पाणी वापरता म्हणून. बोअरचं पाणी फ्लशला आणि गाड्या धुवायला जातं, त्याने कोण आजारी पडणार? खरंच बघायचं असेल तर एचटूएसची, म्हणजे पाण्यातले मैल्याचे जंतू घरच्या घरी तपासायची, बाटली आणा. पंप दहा मिनिटं चालवून मग नमुना घ्या, हात बाटलीच्या आत लावू नका, खुणेपर्यंत भरा आणि उबदार जागी ठेवा. 24 ते 48 तासांत पाणी काळं झालं तर मैल्याचा संबंध आलाय असं समजायचं आणि रीतसर प्रयोगशाळेत जायचं. पहिल्या मोठ्या पावसानंतर करा. मार्चमध्ये करून मला फोटो पाठवू नका. नायट्रेटही तपासून घ्या, पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही.

मग करायचं काय, तर मागच्या लेखात सांगितलेलंच. गच्ची मे महिन्यात झाडून घ्यायची, फिनेल न लावता. पहिल्या 600 लिटरला (आता बरोबर आहे ना?) बाहेरची वाट. मग गाळ बसायला टाकी, मग गाळखड्डा : तळाला 5 ते 20 सेंटिमीटरचे दगड, मध्ये 5 ते 10 मिलिमीटरची खडी, सगळ्यात वर दीड-दोन मिलिमीटरची जाड वाळू. उलटं भरणारे बरेच भेटतात, वाळू खाली आणि दगड वर. तसं केलं की गाळ खालपर्यंत जातो आणि सगळा खड्डा उपसावा लागतो. वाळू वर असेल तर दरवर्षी वरचे दोन इंच खरवडले की झालं. गाळलेलं पाणी पंपाच्या बोअरमध्ये सोडायचं नाही. त्यापासून 30-40 फुटांवर वेगळं पुनर्भरणाचं बोअर घ्यायचं किंवा पडीक बोअर वापरायचं, पण जवळ सेप्टिक टँक नको. किती खोल, हे तुमच्या जुन्या बोअरच्या नोंदीवरून ठरतं : किती फुटांवर मांजऱ्या लागला, कुठे गेरू, कुठे पाणी. ती नोंद कमिटीकडे नसेल तर तुमच्या सहा वर्षांच्या पुनर्भरणाला काही आधारच नाही. आणि ओव्हरफ्लो ठेवायचा. खडक नाही म्हणाला तर पाण्याला जायला जागा हवी.

पार्किंगमधलं पाणीही याच पाइपला जोडलंय, असं तुमच्या प्रतिक्रियेत कंसात आहे. कंसात! ऑइल, ग्रीस, गाड्या धुतल्याचा साबण, सगळं त्यात. ते उद्या सकाळी तोडा. बाकी वाद नंतर घालू.

उपशाचं म्हणाल तर मुद्दा आहे, पण तो वेगळा. 2009 चा भूजल कायदा 60 मीटरपेक्षा खोल विहिरींबद्दल काय म्हणतो, सोसायटीच्या बोअरला मीटर असावा की नसावा, यावर कधीतरी लिहीन. इथे विषय पाणी आत टाकण्याचा होता. पुनर्भरणासाठीच्या मिळकतकराच्या सवलतीवरचा तुमचा परिच्छेद मी वाचला. सवलत मिळते म्हणून पाइप बरोबर जोडलाय असं होत नाही.

टँकरच्या चाचणीचे आकडे असतील तर जरूर टाका, पाच-पाच मिनिटांचे, पातळीसकट. नसतील तर आधी चाचणी करा. टँकर मागवण्याआधी पंप आठ तास बंद ठेवायला वॉचमनला सांगून ठेवा, नाहीतर तो सवयीने सकाळी सहाला बटण दाबतो आणि सगळी मोजणी फुकट जाते.

ता.क. : लेखातलं 6000 बदलून 600 केलं आहे. त्याच परिच्छेदात ‘गाळणखड्डा’ आणि ‘गाळखड्डा’ असे दोन्ही शब्द आले होते, तेही एकसारखे केले. हे मात्र तुमच्या नजरेतून सुटलं.