पहिलं ड्राइव्ह-इन टीव्हीने बुडवलं? टीव्ही होता कुठे!

एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. त्याचा सार असा: आई थिएटरच्या खुर्चीत मावत नव्हती म्हणून रिचर्ड हॉलिंग्सहेड या अमेरिकन माणसाने 1933 मध्ये जगातलं पहिलं ड्राइव्ह-इन थिएटर, म्हणजे आपल्या गाडीत बसूनच सिनेमा बघायचं उघड्या मैदानातलं थिएटर, काढलं. लोकांच्या उड्या पडल्या, पेटंटवर पठ्ठ्या गडगंज झाला आणि शेवटी टीव्हीने हा धंदा बुडवला. वाचायला झकास आहे. माणूस आणि साल बरोबर आहे, बाकीचं बरंचसं कच्चं.

आधी टीव्हीचंच बघू. हे थिएटर न्यू जर्सीत कॅम्डेनजवळ 6 जून 1933 ला सुरू झालं आणि जेमतेम तीन वर्षांत बंद पडलं. अमेरिकेत नियमित टीव्ही प्रसारणाचा गाजावाजा झाला 1939 मध्ये, तोही न्यूयॉर्क परिसरात. म्हणजे गुन्हा घडला तेव्हा आरोपी गावात आलाच नव्हता! उलट ड्राइव्ह-इनची खरी चलती 1950 च्या दशकात होती, टीव्ही घराघरांत शिरत होता नेमका तेव्हा. त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत चार हजारांवर ड्राइव्ह-इन होती. पुढे ती ओसरली त्यात टीव्हीचा वाटा नव्हता असं मी म्हणत नाही. पण शहरं पसरली तशा जमिनी महागल्या, 1967 पासून उन्हाळ्यात घड्याळं पुढे करण्याची पद्धत जवळजवळ देशभर लागू झाल्याने अंधार तासभर उशिरा पडू लागला, नंतर व्हिडिओ कॅसेट आली. ही सगळी मंडळी सोडून एकट्या टीव्हीला का धरायचं?

मग कॅम्डेनचं थिएटर बंद का पडलं? पहिलं कारण सिनेमाच. नवे, चलतीचे सिनेमे स्टुडिओ आणि वितरक आपल्या नेहमीच्या थिएटरांना देत. मैदानातल्या या उपटसुंभाच्या वाट्याला जुने किंवा दुय्यम सिनेमे यायचे, तेही महाग भाड्याने. उद्घाटनालाच आदल्या वर्षीचा एक ब्रिटिश सिनेमा दाखवला गेला, ‘वाइव्ह्ज बिवेअर’. तिकीट गाडीमागे 25 सेंट, शिवाय माणशी 25 सेंट, आणि अख्ख्या गाडीला जास्तीत जास्त एक डॉलर. त्यात न्यू जर्सीच्या थंडीत उघड्यावर सिनेमा बघायला कोण येणार?

दुसरं कारण आवाज, आणि मला तेच जास्त रंजक वाटतं. गाडीच्या काचेला अडकवायचा छोटा स्पीकर आपण जुन्या फोटोंत पाहतो, तो इथे नव्हताच. पडद्यापाशी मोठाले स्पीकर लावलेले. प्रकाश क्षणात पोचतो, आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर वेगाने. दीडशे मीटरवर उभ्या गाडीत संवाद जवळजवळ अर्धा सेकंद उशिरा ऐकू येणार. नायिकेचे ओठ मिटल्यावर तिचं वाक्य कानावर पडणार! मागच्या गाड्यांना ऐकू जावं म्हणून आवाज वाढवला की तो कुंपणाबाहेर जाऊन शेजाऱ्यांची झोप मोडणार. काचेवरचे स्पीकर सर्रास दिसू लागले ते दुसऱ्या महायुद्धानंतर.

आता ती आई. ही गोष्ट अमेरिकेतही आवडीने सांगतात आणि तिच्यात तथ्य असेलही. पण आईची सोय करायला अंगणात एक ऐसपैस खुर्ची पुरली असती. हॉलिंग्सहेडच्या घरचा धंदा मोटारींना लागणाऱ्या वस्तूंचा. त्याने प्रोजेक्टर गाडीच्या बॉनेटवर ठेवला, झाडांना पडदा ठोकला, पडद्यामागे रेडिओ लावला. पाऊस पडला तर कसं दिसेल हे बघायला बागेचा फवारा गाडीवर सोडला. मग पुढच्या चाकांखाली ठोकळे सरकवत बसला, कारण खरी अडचण ही होती की पुढच्या गाडीच्या टपामुळे मागच्याला काही दिसत नाही. हा उद्योग आईसाठी नाही, रांगेने गाड्या उभ्या करून तिकिटं विकणाऱ्या माणसाचा आहे. मे 1933 मध्ये मिळालेल्या पेटंटचा गाभाही तोच: उताराचे ओटे आणि त्यांवर नाक वर करून उभ्या गाड्या.

राहिला पेटंटवरचा पैसा. काहींनी परवाना घेऊन पैसे दिले, पण अनेकांनी कल्पना उचलली आणि रॉयल्टीचं नाव काढलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं. 1949 मध्ये अमेरिकेच्या फेडरल अपील न्यायालयाने पेटंट रद्दच ठरवलं. म्हणणं साधारण असं की उतारावर प्रेक्षक बसवणं ॲम्फीथिएटरात पूर्वापार चालत आलंय. माणसाच्या जागी मोटार आली म्हणून तो शोध होत नाही. मला हे जरा कठोर वाटतं, पण निकाल तो निकाल. ड्राइव्ह-इनचं पीक फोफावलं तेव्हा त्यावर हॉलिंग्सहेडचा हक्क उरला नव्हता.

आणि टीव्हीने ड्राइव्ह-इन संपवलं म्हणणाऱ्यांनी शेजारच्या पेनसिल्व्हेनियात डोकवावं. ऑरफील्ड गावचं ‘शँकवायलर्स’ हे ड्राइव्ह-इन 1934 मध्ये सुरू झालं, कॅम्डेनच्या पाठोपाठ. टीव्ही, कॅसेट, मोबाइल सगळे येऊन गेले, तिथे अजून सिनेमे लागतात.