वजाबाकी बरोबर आहे, पण प्रश्न वेगळा आहे

सप्रेम नमस्कार.

आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभार. आपला आक्षेप असा की, दोन वेळांची वजाबाकी अनसाइन्ड (ऋण चिन्ह नसलेल्या) संख्यांत केली की मिलिसचा, म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजणारा, काउंटर ओव्हरफ्लो झाला (कमाल आकडा ओलांडून शून्यावर आला) तरी उत्तर बरोबरच येते, त्यामुळे अशा फेऱ्या मोजणारा माझा कोड अनावश्यक आहे. यातले पहिले विधान मला पूर्ण मान्य आहे. दुसरे मात्र त्यातून निघत नाही.

आर्डुइनो उनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावरचा हा 32 बिटांचा काउंटर 49 दिवस, 17 तास, 2 मिनिटे आणि सुमारे 47 सेकंदांनी शून्यावर येतो. दर दहा मिनिटांनी पंप तपासायचा असेल, तर वजाबाकी पुरते. पण बोर्ड सुरू होऊन किती दिवस झाले हे विचारले, की वजा करायचा आकडा शून्यच असतो, आणि झालेल्या फेऱ्यांचा मागमूस राहत नाही.

माझ्या ठिबक सिंचनाच्या नियंत्रकाने पन्नासाव्या दिवशी सकाळी ‘0 दिवस, 6 तास’ असे दाखवले. रात्री वीज गेली असावी असे समजून मी अडॅप्टर बदलला, वॉचडॉगचा (बोर्ड अडकल्यास तो आपोआप पुन्हा सुरू करणाऱ्या टायमरचा) कोड दोनदा वाचला. प्रत्यक्षात बोर्ड क्षणभरही बंद पडला नव्हता. न कळत झालेला रीसेट (बोर्ड पुन्हा सुरू होणे) ओळखता यावा म्हणूनच तर हा आकडा ठेवायचा, आणि तोच खोटा रीसेट दाखवू लागला, हे मला गंभीर वाटते.

आपल्या आक्षेपामुळे कोड पुन्हा तपासला, तेव्हा त्यात एक खरी चूक सापडली. तुलनेसाठी एकदा आणि बेरजेसाठी पुन्हा एकदा, असे मी मिलिस दोनदा वाचत होतो. नेमका त्यांच्या मध्ये ओव्हरफ्लो झाला, तर त्या वेळचे उत्तर जवळजवळ 50 दिवसांनी चुकते. आता मिलिस एकदाच वाचतो, त्यातून मागची किंमत 32 बिटांतच वजा करतो आणि तो फरक 64 बिटांच्या बेरजेत मिळवतो. म्हणजे आपलीच वजाबाकी, फक्त साठवत नेलेली. मात्र हे लागोपाठ दोनदा चालण्यामध्ये एका पूर्ण फेरीपेक्षा कमी वेळ गेला पाहिजे. बोर्ड पॉवर-डाउन झोपेत गेला, तर मिलिस थांबतो, आणि तेवढा वेळ यात धरला जात नाही.

पडताळण्यासाठी 49 दिवस थांबण्याची गरज नाही. उनोच्या कोअरमधील (आर्डुइनोसोबत येणाऱ्या मूळ कोडमधील) मिलिसच्या व्हेरिएबलमध्ये सुरुवातीलाच 4294960000 भरा. सुमारे सात सेकंदांत ओव्हरफ्लो होईल. माझा जुना कोड आणि हा नवा, दोन्ही असे चालवून पाहावेत, ही विनंती.