लाईट गेली की आमच्या नळाला पाणी येतं, ही काय पद्धत झाली का?

आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसाआड येतं, खान्देशात हे कुणाला नवीन नाही, त्यावर मी बोलतच नाहीये. मी बोलतोय नळाला डायरेक्ट टिल्लू मोटर, म्हणजे पाणी ओढायची छोटी मोटर, जोडणाऱ्यांबद्दल. वॉलमनने वॉल फिरवला की लगेच गल्लीभर घूंऽऽ घूंऽऽ चालू, आणि शेवटच्या घरांच्या नळातून नुसती हवा. आमच्या शेजारच्या आजी, घरात दुसरं कोणी नाही, नळ खाली यावा म्हणून खड्डा खणून घेतलाय, त्या खड्ड्यात वाकून तांब्या-तांब्याने हंडा भरतात. आणि वरच्या अंगाला टाकी भरून पाणी गच्चीवरून खाली सांडतंय, मग त्याच पाण्याने गाडी धुणं, अंगण धुणं, मे महिन्यात, पारा ४४ ला असताना!

बोलायला गेलं की उत्तर तयार, "प्रेशरच नाही हो भाऊ, आम्हालाबी कमीच येतं." साफ खोटं. मागच्या पाण्याला मधेच लाईट गेली ना, तर दोन मिनिटात आजींच्या नळाला मनगटाएवढी धार! हंडा भरला, बादल्या भरल्या, टीप म्हणजे मोठा ड्रम भरत आला आणि लाईट आली, घूंऽऽ, धार गायब. म्हणजे पाणी होतं. सगळ्यांना पुरेल एवढं होतं.

नळाला मोटर लावायची नाही हा नियम आहे, मोटर जप्त होते, नळ तोडता येतो, हे सगळ्यांना पाठ आहे. पण तपासायला कोणी येत नाही आणि चुकून आलंच तर आधीच फोन फिरतात, मोटरी पलंगाखाली. एकाने तर मलाच सांगितलं, "तू बी लाई दे ना भो, कोन देखस आठे?" अरे कोणी बघत नाही म्हणजे काय? मी बघतोय ना! आजी बघताय ना! आणि हीच माणसं ओट्यावर बसून नेते कसे खातात यावर तास-तास बोलतात.

बरं ही मोटर नुसतं शेजाऱ्याचं पाणी नाही ओढत. लाईनीत प्रेशर संपलं की पाईप बाहेरचं ओढायला लागतो, जिथे जॉईंट गळका असेल तिथून गटारीचं पाणी आत. मग पोरांना जुलाब, कावीळ, की परत शिव्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसला. ऑफिसलाही सोडत नाहीये मी, कारवाई करायचा पगार घेतात तर करावी ना, पण बटण तर तुमच्याच बोटाने दाबलं जातं.

आणि हे कुठे, तर पांझरा नदीच्या काठी! जिथे फड बागायत तीन-चारशे वर्षं चालली. बंधारा गावाचा, पाट गावाचा, जमिनीचे फड म्हणजे मोठे भाग पाडलेले, एका फडात एकच पीक, बहुतेकांची थोडी-थोडी जमीन प्रत्येक फडात. पाणी कमी पडलं तर तेवढा फड पडीक, म्हणजे तोटा झाला तर सगळ्यांचा. पाणी पाटकरी, म्हणजे पाट सांभाळणारा माणूस, देणार, स्वतःच्या हाताने कोणी पाट फोडायचा नाही. शेपटाच्या शेतालाही पाणी पोचायचं. तेव्हा कुठलं पथक होतं? आपलेच आजे-पणजे होते ते, आणि आपल्याला अर्धा इंची नळ धड वाटून घेता येत नाही.

आता गल्लीत नवीन टूम निघालीय, पाण्याच्या वेळेत लाईटच बंद ठेवा म्हणून अर्ज द्यायचा. म्हणजे एवढ्या उन्हात पंखे-कूलर बंद, बाळंतीण घरात आहे ती घामात, पोरांचा अभ्यास बंद, का तर दहा-बारा घरांना स्वतःचं बटण बंद करवत नाही! माझ्याकडे तो अर्ज आणू नका, मी सही करणार नाही. आधी मोटरी काढा.