भाऊबंदकी काय फक्त आपल्याकडंच असते?

शाळेच्या ग्रुपवर परत एकदा किर्लोस्करांच्या घरातल्या कोर्टकचेरीची बातमी फिरली, तोच 2009 च्या कौटुंबिक करारावरून सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला वाद, आणि खाली नेहमीची टेप सुरू झाली. मराठी माणसाला धंदा टिकवता येत नाही, नातवंडं भांडणारच, अमेरिकेत बघा यंत्रं काढणाऱ्यांची घराणी गावंच्या गावं कशी उभी करतात वगैरे. आणि टॅग कुणाला केलं तर मला, कारण मी तिकडं राहतो.

मी राहतो रसीनला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक मिशिगनच्या काठावर. हे गाव केस या शेतीयंत्रांच्या कंपनीचं. केस म्हणजे जेरोम इन्क्रीज केस, 1842 मध्ये न्यूयॉर्क राज्यातून सहा मळणीयंत्रं घेऊन निघाला, वाटेत पाच विकली, उरलेल्या एकावर भाड्यानं मळणी करून देता देता स्वतःचं सुधारलेलं यंत्र काढलं. आधी इथल्याच जवळच्या रोचेस्टर गावात बसायचं होतं पण तिथं नदीच्या पाण्यावर कारखाना चालवायची परवानगी मिळेना, म्हणून रसीनला आला. आता पलूसच्या पोरांनो सांगा, ही गोष्ट कुठं ऐकल्यासारखी वाटत नाही का? लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव नगरपालिकेनं जागेवरून उठवलं, मग औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळ दिला, निवडुंग आणि साप, 1910 साल. लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते म्हणणाऱ्या शेतकऱ्यांना नांगर विकला त्या माणसानं. आणि त्या माळावर उभ्या केलेल्या किर्लोस्करवाडीत शिवाशिव चालू दिली नाही, शिक्षा भोगलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं. केसनं असलं काही केल्याचं मला तरी इथं कुणी सांगितलं नाही. तो मेयर झाला, राज्याचा सिनेटर झाला, जे-आय-सी नावाचा रेसचा घोडा पाळला, त्या घोड्यानं 1884 मध्ये दुडक्या चालीच्या शर्यतीत जगातला विक्रम केला म्हणतात. बरं, माणूस खमक्या होता हे मान्य. त्याच वर्षी मिनेसोटात एका शेतकऱ्याचं यंत्र दुरुस्त होईना तर स्वतः गेला, त्यालाही जमेना, तेव्हा रॉकेल ओतून पेटवून दिलं आणि नवीन पाठवलं.

आता भाऊबंदकी. मळणीयंत्राची कंपनी एक, नांगराची कंपनी दुसरी, दोन्हीवर नाव केसचंच. म्हातारा 1891 मध्ये गेला. पुढं नांगराची कंपनी जावई हेन्री वॉलिसकडं, मळणीवाली दुसऱ्यांकडं, आणि मळणीवाल्यांनी नांगर विकायला घेतल्यावर नांगरावर केस हे नाव लावायचा हक्क कुणाचा यावरून दोघं कोर्टात, पार विस्कॉन्सिनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत. 1928 मध्ये कॅनडाच्या मॅसी-हॅरिसनं नांगरवाली कंपनी घेतली आणि ते नाव मळणीवाल्यांना 7 लाख डॉलरला परत विकलं. नुसतं नाव! आपल्याकडच्या भांडणातसुद्धा आडनाव हाही एक मुद्दा आहे, मग हे मराठी माणसाचं वैगुण्य कसं झालं?

आणि गाव कुणी उभं केलं म्हणाल तर लेकवरचा नॉर्थ बीच सिटीचा आहे, तिथली वाळू आमच्या प्रॉपर्टी टॅक्समधून साफ होते. केस कंपनी आधी टेनेको नावाच्या कंपनीकडं गेली, 1999 मध्ये न्यू हॉलंड या दुसऱ्या शेतीयंत्रांच्या कंपनीत मिसळली. स्टेट स्ट्रीटवरची जुनी बिल्डिंग दिमाखदार आहे, दारात गरुड वगैरे, पण 1945 ते 47 वर्षभराहून जास्त संप चालला, 2022 मध्ये परत आठेक महिने, आमच्या गल्लीतली माणसं जानेवारीपर्यंत पिकेट लाइनवर उभी होती, लेकवरून वारा येतो तेव्हा काय होतं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. (रसीनच्याच एस. सी. जॉन्सन कंपनीवाल्यांचं उदाहरण कुणी देऊ नका. ते घराणं अजून कंपनी चालवतं, गावात पैसाही ओततं, पण ते फरशीच्या पॉलिशवर मोठे झाले, शेतीच्या अवजारावर नाही.) आणि केसचं ऊसतोडणी यंत्र आज चाकणला तयार होतं, तेव्हा वारसा वारसा म्हणून नाचायचं तर चाकणला जाऊन नाचा.

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर एकानं लिहिलं, एवढा पुळका आहे तर परत ये की. राग आला, कारण याला उत्तर नव्हतं. इथं कुणी विचारलं तर मी पुण्याचा म्हणून सांगतो, किर्लोस्करवाडी समजावत बसायचा कंटाळा येतो, आणि ग्रुपवर मात्र वाडीच्या वतीनं भांडतो. वर आमच्याच घरात काय चाललंय? वडील गेल्यापासून सातबाऱ्यावर माझं नाव आहे, चुलतभाऊ म्हणतो हक्कसोडपत्रावर सही कर, ऊस मीच लावतोय, पाणीपट्टी मीच भरतोय, तुला काय करायचंय जमिनीचं. त्याचं काही चूक नाही. पण ओसीआयवाल्याला, म्हणजे माझ्यासारख्या परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयाला, वारसानं आलेली शेतजमीन ठेवता येते, विकत घेता येत नाही, म्हणजे एकदा सही केली की परत वाव नाही. दर दिवाळीला तो फोन करतो आणि मी सहीसाठी कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून सांगतो. ग्रुपवर तोही आहे, हे वाचेल. वाचू दे. सही यंदाही होणार नाही.